लेलेबाई तारीख देत नव्हत्या

बिबवेवाडीत एका इमारतीच्या जिन्याखाली माझं ऑफिस होतं. एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर तिथी-वारांचं भलंमोठं कॅलेंडर. चौथी खुर्ची मुद्दाम ठेवली नव्हती. घर घेणारा, घर विकणारा आणि मी, एवढे पुरे. चौथा माणूस आला की व्यवहार फिसकटलाच म्हणून समजा. हा चौथा बहुधा कुणाचा तरी मेहुणा असतो आणि त्याला बांधकामातलं सगळं कळत असतं.

त्याआधी अकरा वर्षं मी शिवाजीनगरला एका वकिलांकडे टायपिस्ट होते. ‘कायम खूष खरेदीखत’ असं मथळ्यात टाइप करायचे आणि समोर बसलेल्या माणसांचे चेहरे बघायचे. खूष कुणी दिसलं असेल तर शपथ. पुढं कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, नागपूर-यवतमाळ-अकोल्याकडची मुलं पगाराचे कागद घेऊन घरं शोधत फिरायला लागली, आणि मी टाइपरायटर झाकून स्वतःचं ऑफिस थाटलं. तेव्हा या धंद्यात बायका नव्हत्याच. पुरुष एजंट मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि पाठीमागं काय म्हणायचे ते मला कळायचं.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घराचे कागद दोनदा होतात. आधी साठेखत, म्हणजे अमुक मुदतीत हे घर तुम्हाला देईन असं वचन. मग खरेदीखत, म्हणजे दिलं. या दोन कागदांच्या मधले जे महिने असतात, त्यावर माझं पोट होतं. साठेखत होईपर्यंत विकणारा लोण्यासारखा असतो. ते झालं की त्याला अचानक अमावास्या दिसायला लागते.

एक निवृत्त हेडक्लार्क होते. त्यांनी किल्ली अडवून धरली, का तर वर्तमानपत्राचं बिल महिनाअखेरपर्यंत भरलेलं. “पेपर इथं पडणार, आणि मी तिकडं जाऊन भिंत वाचू?” मी पेपरवाल्याला गाठलं, उरलेले नऊ दिवस नव्या पत्त्यावर पेपर टाकायला लावला आणि त्याच संध्याकाळी किल्ली घेतली. दुसरं एक घर दोघा भावांचं. त्यातले धाकटे निबंधकांच्या कचेरीच्या दारापर्यंत आले आणि रिक्षातून उतरेनात. थोरल्यानं रीतसर बोलावलं नाही म्हणून. आत थोरले घड्याळ बघताहेत, नंबर जवळ आलेला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ आणला, त्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, “भाऊसाहेब, सहीला यायचं करावं.” आले की हो! नारळही घरी घेऊन गेले.

अशी माझी ख्याती. सांगितलेल्या कारणामागचं खरं कारण मला वासानं कळतं असं लोक म्हणायचे आणि मलाही तसंच वाटायचं. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमचे गमतीदार अनुभव लिहा’ असं सांगितलंय. गमतीचे दोन सांगून झाले. आता जो लिहिणार आहे तोही मी वीस वर्षं गंमत म्हणूनच सांगत आले. त्याची लाज वाटते म्हणून आज लिहायला बसले आहे.

लेलेबाई आमच्याच भागातल्या. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरी शिवणाचे क्लास घ्यायच्या. लेले दीर्घ आजारानं गेले, घर एकटीनं चालवणं जमेना, म्हणून फ्लॅट विकून वाईला भावाकडे जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं. मुलगी एकच, मृणाल. ती लग्न होऊन शुक्रवार पेठेत, मंडईच्या मागं राहत होती.

घेणारा निखिल वानखेडे. यवतमाळचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत, नुकतं लग्न झालेलं. दोघं नवराबायको एका खोलीत भाड्यानं राहत. बायको पल्लवी फ्लॅट बघायला आली तेव्हा ओट्यावरून हात फिरवून म्हणाली, “केवढा मोठा आहे जी!” लेलेबाईंना ती मुलगी आवडली. जुलैत साठेखत झालं, मुदत तीन महिन्यांची. फ्लॅट मूळचा लेल्यांच्या नावावर, म्हणजे कायद्यानं मृणालचाही त्यात हक्क. निखिलला कर्ज देणारी बँक म्हणाली, खरेदीखताला मुलीची संमतीची सही हवी, तीही निबंधकांसमोर. लेलेबाई म्हणाल्या, “त्या वेळी मी आणते तिला.” मी मान डोलावली.

मुदत भरत आली तशी मी तारीख मागायला गेले.

“पितृपक्ष चालू आहे, सुनंदाबाई. तुम्हाला सांगायला हवं का?”

बरं. पितृपक्ष संपला.

“घरात घट बसलेत. घट हलवून सह्या करू?”

मग दिवाळी. दिवाळीत कोण घर सोडतं? मग तुळशीचं लग्न. मग मार्गशीर्षातले गुरुवार. मी म्हटलं, “गुरुवारी नको, शुक्रवारी करू.” तर म्हणाल्या, “गुरुवारची पूजा शुक्रवारी सकाळी हलवतात, तुमच्याकडे नाही का तसं?” एकेक कारण असं चोख की बोट ठेवायला जागा नाही. एकदा तर सरळ म्हणाल्या, “पाडव्याला करू या की. साडेतीन मुहूर्तांतला आहे.”

“अहो, पाडव्याला अजून चार महिने आहेत!”

“मग काय झालं? घर कुठं पळून जातंय?”

त्या वर्षी आमच्या भागातले भाव दर महिन्याला चढत होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की बाईंना दुसरं गिऱ्हाईक भेटलंय, जास्त देणारं. मुदत टळली की निखिल कंटाळून सोडून देईल असा हिशेब आहे. मी मनात म्हटलं, मला शिकवता काय लेलेबाई, असे पन्नास बघितलेत.

एका दुपारी न सांगता गेले. लेलेबाई खाली बसून खारका फोडत होत्या. कॉटवर जुन्या सुती साड्यांचे चौकोन कापून, कडा शिवून रचून ठेवलेले. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या, रंग उडालेल्या साड्या. दाराशी लोखंडी शेगडी, घासूनपुसून ठेवलेली. मी ते सगळं पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई सामान आवरायला लागल्या, म्हणजे विकायचं तर आहे, फक्त आमच्या पोराला नाही.

“चिंध्या कशाला काढता?” मी म्हटलं. “भांडी बांधायला खोकी देते की मी.”

“चिंध्या नाहीत त्या,” असं म्हणून त्यांनी वर चादर ओढली.

मी स्वतः दोन बाळंतपणं माहेरी करून आलेली बाई. माझ्या आईनं माझ्यासाठी अशीच दुपटी शिवली होती, अशीच शेगडी काढली होती. आणि मला तिथं चिंध्या दिसल्या! निघताना लेलेबाई जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “मृणालकडे जाऊ नका हं. वेळ आली की मीच आणीन तिला.” झालं. माझा संशय पक्का झाला.

इकडे निखिलचा घरमालक खोली रिकामी मागत होता, बँकेच्या पत्राची मुदत संपत आली होती. निखिल दर दोन दिवसांनी येऊन समोर बसायचा. ओरडायचा नाही. “काय म्हणतात काकू?” एवढंच विचारायचा. त्याच्या त्या विचारण्यानं मला माझीच चीड यायची. एक दिवस तोऱ्यात म्हणून गेले, “आठ दिवसांत सही आणून देते. नाही आणली तर ऑफिसची पाटी उतरवीन.” पाटी उतरवायची मला काही हौस नव्हती.

डिसेंबरातली सकाळ होती. रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून मंडईतून डझनभर संत्री घेतली आणि शुक्रवार पेठेत मृणालच्या सासरी गेले. पर्समध्ये साठेखताची प्रत. दार सासूबाईंनी उघडलं. ठेंगण्या, चष्म्याआडून नीट निरखणाऱ्या. “लेलेबाईंच्या ओळखीच्या” म्हटल्यावर बसवलं आणि आत हाक मारली, “मृणाल, तुझ्या माहेरचं माणूस आलंय गं.”

मृणाल बाहेर आली. सातवा महिना सरत आलेला. एक हात कमरेवर, चेहरा तुकतुकीत. दाराशी एक कापडी पिशवी भरून ठेवलेली, वर तिचा स्वेटर.

“रविवारी जायचंय तिला,” सासूबाई म्हणाल्या. “आठवा लागायच्या आत माहेरी पोचलेली बरी. पहिलं बाळंतपण, आईच्या घरी व्हायला हवं. विहीणबाईंनी म्हणे खारका-डिंकसुद्धा आणून ठेवलाय. आम्ही म्हटलं, करू दे हौस.”

मी त्या पिशवीकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. ते चौकोन, ती शेगडी, घट, गुरुवार, पाडवा. साठेखतानंतर महिन्याभरात लेकीनं बातमी दिली असणार. विकायचं तर होतंच, पण लेकीचं पहिलं बाळंतपण होऊन, सव्वा महिना उलटून ती बाळाला घेऊन सासरी जाईपर्यंत बाईंना ते घर हवं होतं. लेकीला कळू न देता. विकलेल्या घरात आली, असं तिच्या सासरच्यांनी म्हणू नये म्हणून. बाकी त्यांना काही नको होतं.

एवढं कळल्यावर मी उठायला हवं होतं. ‘सहज आले होते, येते’ म्हणून संत्री ठेवून निघायचं. कुणाला काही समजलं नसतं. लोकांना मी आजवर सांगत आले की मला काही माहीत नव्हतं, तोंडातून निघून गेलं. ते खोटं आहे. मला कळलं होतं, आणि कळल्यावर मी पर्स उघडली. आठ दिवसांतला तो सहावा दिवस होता.

“एक सही हवी होती,” मी म्हटलं. “फ्लॅटच्या खरेदीखतावर.”

“कुठल्या फ्लॅटच्या?” मृणालनं विचारलं.

मी प्रत पुढं केली. तिनं सगळी पानं उलटून शेवटचं पान काढलं आणि आईच्या सहीवर बोट ठेवलं. बराच वेळ ते बोट तिथंच होतं.

“म्हणजे विहीणबाईंनी घर विकलं?” सासूबाई म्हणाल्या.

“साठेखत झालंय. जुलैतच.”

“अगं बाई. आणि आम्हाला बोलल्या नाहीत.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. त्या बाई वाईट नव्हत्या, पण दुखावल्या होत्या. “मग काय आता? दुसऱ्याच्या झालेल्या घरात बाळंतीण पाठवायची नाही मला. इथंच होईल सगळं. आपल्याकडे काय खाट नाही?” असं म्हणून त्यांनी ती पिशवी उचलली आणि आत नेली.

मृणाल रडली नाही. मला म्हणाली, “सही करायला कुठं यायचं?”

दोनच दिवसांनी निबंधकांच्या कचेरीत सगळे जमले. लेलेबाई इरकली साडी नेसून आल्या होत्या, काखेत मोठी पिशवी. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “मिळाली ना तुमची तारीख?” मायलेकी बाकावर शेजारी बसल्या. दोघींनी फोटो काढून घेतले, शाईत अंगठे बुडवले, सह्या केल्या. मृणालच्या अंगठ्याची शाई लेलेबाईंनी स्वतःच्या रुमालानं पुसली, एकेक रेघ पुसावी तशी.

मग त्यांनी पिशवी उघडली. दुपटी, कुंच्या, झबली, सगळं त्या साड्यांचं. सरकारी बाकावर, टोकन पुकारणाऱ्या शिपायासमोर, त्यांनी ते लेकीच्या मांडीवर ठेवलं. “सासूबाईंना सांग, माहेरचं आहे,” म्हणाल्या. “धुतलेलं आहे सगळं. शेगडी रिक्षात ठेवलीय.” तेव्हा मृणाल रडली.

निखिल आणि पल्लवी समोरच उभे होते. निखिल मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, काकू लेकीच्या बाळंतपणासाठी थांबल्या होत्या काय?”

मी हो म्हटलं.

“मग सांगतलं काहून नाही? राहिलो असतो ना आम्ही अजून चार महिने खोलीवर. घरमालकाच्या पाया पडलो असतो. आमच्या घरी काय लेकी नाहीत?”

त्याचा आवाज काही फार हळू नव्हता. लेलेबाईंनी ऐकलं. पल्लवीनं तर पुढं होऊन त्यांचे हात धरले, “काकू, तुम्ही राहा. ताईंना घेऊन या. आम्ही पाडव्यालाच येऊ.” लेलेबाई म्हणाल्या, “नाही गं. तिच्या घरच्यांनी ठरवलंय आता. ती यायची नाही, मग मी एकटी राहून कुणाला शेक देऊ?” आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ऐकलंत? विचारायला काही स्टँपपेपर लागत नव्हता, सुनंदाबाई. तुम्हालाही आणि मलाही.”

त्यांनी ‘मलाही’ म्हटलं. तेवढ्यावर मी वीस वर्षं काढली. दोघींचं चुकलं, त्या बोलल्या नाहीत, मला कळलं नाही, असं मी स्वतःला समजावत आले. महिनाअखेरीला त्या वाईला गेल्या. फेब्रुवारीत मृणालला सासरीच मुलगी झाल्याचं कानावर आलं.

आणि मी काय केलं? ही गोष्ट सांगत सुटले. एजंटांच्या बैठकीत, नव्या पोरांना धंदा शिकवताना. ‘विकणारा तारीख देत नाही? वारसाला गाठा, दोन दिवसांत सरळ येतो.’ लेलेबाईंच्या कारणांची मी नक्कल करायचे, घट, गुरुवार, पाडवा, आणि लोक पोट धरून हसायचे. माझी थोरली बाळंतपणाला आली होती तेव्हा तिनं ती नक्कल पहिल्यांदा ऐकली. ती हसली नाही. “आई, त्यांच्या लेकीला दिवस गेलेले तुला दिसल्यावर तू काय केलंस?” तिनं विचारलं. “मला आधी माहीतच नव्हतं गं,” मी म्हटलं, आणि तिच्यासाठी डिंक तळायला उठले. नक्कल तेवढी बंद केली.

गेल्या वर्षी पल्लवीचा फोन आला. त्यांची इमारत पाडून नवी होणार होती, जुन्या खरेदीखताची प्रत सापडत नव्हती. माझ्याकडे होती. टपालानं पाठवता आली असती, पण गुडघे बरे होते म्हणून स्वतः गेले. दार एका चाळिशी ओलांडलेल्या बाईनं उघडलं, हाताला कणीक, केस वर बांधलेले, अगदी घरच्यासारखी. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं.

“या सुनंदाबाई,” मृणाल म्हणाली.

पल्लवी आतून आली आणि उत्साहानं सांगायला लागली, “मॅडम, या दरवर्षी येतात ना आपल्याकडे माहेरपणाला! पहिल्या वर्षी मीच गेले होते आणायला, यांच्या सासूबाईंना विचारून. बाळ तीन महिन्यांचं होतं. लेलेकाकू वाईहून यायच्या. दोन-दोन दिवस राहायच्या मायलेकी. आता काकू नाहीत, तरी मी सोडत नाही यांना. आता इमारतच चालली, म्हणून यंदा आठवडाभर ठेवून घेतलंय.” आणि चहा टाकायला आत गेली.

यवतमाळहून आलेल्या, या शहरात आपलं कुणी नसलेल्या पोरीनं जे केलं ते मला सुचलंसुद्धा नव्हतं. मला माझ्या हातातली ती प्रत कुठं ठेवावी कळेना. लेलेबाईंची कॉट जिथं होती तिथं सोफा होता. त्याच्या कडेवर मी बसले.

“आई तुमचं नाव काढायची,” मृणाल म्हणाली.

“काय म्हणायच्या?”

“म्हणायची, बाई कामाला चोख होती, तिला बिचारीला माहीत नव्हतं.”

मला ते ऐकवेना. “मृणाल, मी तुझी माफी मागते,” मी म्हटलं. “मला माहीत होतं. तुझ्या सासरी आले त्या दिवशी दाराशी तुझी पिशवी होती. ती पाहिली आणि मला सगळं कळलं. तरी मी कागद काढला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.”

ती हाताची कणीक सोडवत होती. बोटं एकेक करून साफ केली. मग म्हणाली, “मला ठाऊक आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? तुम्ही आधी पिशवीकडे पाहिलंत, मग माझ्या पोटाकडे, आणि मग पर्स उघडलीत. मी समोरच उभी होते ना.” ती माझ्यासमोर बसली. “आईला मात्र मी कधी बोलले नाही. ती शेवटपर्यंत तुम्हाला चांगलं म्हणत होती. म्हटलं, असू दे.”

आतून पल्लवीनं विचारलं, “मॅडम, चहात साखर चालते ना?”

मी तोंड उघडायच्या आत मृणालच म्हणाली, “चालते त्यांना. घाल.”